एकवीस मीटरवर दिलेली खूण

मी, खाली सही करणारा, वय छप्पन्न, धंदा खोल समुद्रात उतरणाऱ्यांसाठी दिवे तयार करणे व त्यांचे सिलिंडर जुळवून देणे, हे इच्छापत्र माझ्या कार्यशाळेतल्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पुरावा हवा असल्यास, आज सकाळी मी चष्मा न लावता दोन दिव्यांच्या काचेखालच्या रबरी रिंगा बदलल्या व त्यातल्या एकीवर केसाएवढी चीर होती ती बोटाला कळली. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. ज्यांनी आजवर टाकून पाहिला त्यांना विचारावे.

येत्या सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप दुरुस्त होणार आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. मी विचारले, शंभरात किती? ते म्हणाले, सत्त्याण्णव जण चालत घरी जातात. माझे शंभरात तीन दिवे पाण्यात बंद पडले असते तर मी धंदा केव्हाच गुंडाळला असता. म्हणून लिहून ठेवतो.

वकीलबाईंनी मला एका पानाचा नमुना दिला होता. नाव भरा, सही करा, एवढं पुरतं म्हणाल्या. दिव्याच्या खोक्यावरही एवढेच लिहिलेले असते आणि म्हणूनच लोक चुकीचा दिवा घेऊन येतात. मी माझ्या पद्धतीने लिहिणार आहे. त्यांनी कायद्याला बाधेल तेवढेच खोडावे.

साठ मीटरच्या खाली जाण्यापूर्वी मी दर वेळी एक चिठ्ठी लिहून टेबलाच्या खणात ठेवत असे आणि वर आल्यावर फाडून टाकत असे. एखादी फाडायची राहून गेली असल्यास ती रद्द समजावी.

कलम १. राहते घर, त्यातले सर्व सामान, बँकेतली ठेव आणि विमा माझ्या बायकोला. घर पहिल्यापासून तिचेच आहे, माझे फक्त कागदावर नाव होते. स्वयंपाकघरातला नळ डाव्या बाजूने अर्धा वळसा जास्त फिरवला की ठिबकत नाही. हे मी तिला सतरा वर्षे सांगत आहे आणि ती सतरा वर्षे प्लंबर बोलवा म्हणत आहे. आता बोलवावा. ठेवीचे काय करावे हे सांगायला कोणी नातेवाईक आल्यास त्याला चहा द्यावा आणि सल्ला बरोबर परत न्यायला सांगावा.

ती बंदराच्या कचेरीत टाइपिंग करत असे. टेबलावरचा दिवा लुकलुकतो म्हणून माझ्याकडे घेऊन आली. मी तो उघडला, तार बदलली, जुनी तार तिला दाखवून कुठे तुटली होती ते समजावले. ती म्हणाली, "मला दिवा हवाय, शिकवणी नको." पुढच्या आठवड्यात दुसरा दिवा घेऊन आली. तो बिघडलेला नव्हता. हे मी तिला त्या दिवशी बोललो नाही, कधीच बोललो नाही, आता कायदेशीर कागदावर बोलतो.

मी पाण्याखाली असलो की ती धक्क्यावर येत नसे. घरी बसून कपाट आवरत असे. आमच्या घरातले कपाट बंदरातल्या कोणत्याही घरापेक्षा नीट लावलेले आहे, त्याचे कारण मी आहे.

कलम २. कार्यशाळेतला लेथ, दिव्यांवर समुद्राचा दाब देऊन पाहायचे लोखंडी भांडे, मोजमापाची सर्व अवजारे, तयार व अर्धवट दिवे आणि सिलिंडरच्या तीन जोड्या माझ्या मुलीला. ती चोवीस वर्षांची आहे, माझ्याहून जास्त शिकलेली आहे आणि माझ्याएवढीच हट्टी आहे. लेथचा पट्टा हिवाळ्यात सैल होतो. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही, मी देऊन पाहिल्या.

मी नववीत शाळा सोडली. दिव्यांचे पहिले शिक्षण एका फाटक्या परदेशी पुस्तकातून आणि शब्दकोशातून घेतले. पुस्तकाची शेवटची तीस पाने नव्हती. त्या पानांत काय होते ते मी पुढे समुद्रात शिकलो. माझा पहिला दिवा म्हणजे पाण्याच्या पाइपचा तुकडा, मोटारीचा बल्ब आणि त्यावर खिडकीची काच. तिसाव्या मीटरवर काच आत फुटली. घरी आलो तेव्हा हातात पाइप होता आणि चेहऱ्यावर, बायकोच्या म्हणण्याप्रमाणे, बक्षीस मिळाल्यासारखा आनंद होता. काच किती जाड हवी हे मला त्या दिवशी कळले होते.

कलम ३. मोठ्या रस्त्यावरच्या खेळसामानाच्या दुकानदाराला त्याच्याकडून विकला गेलेला एक दिवा परत देण्यात यावा. तो माझ्या शोकेसमध्ये खालच्या कप्प्यात आहे, आत पाणी आहे. त्याने तो एका नवख्या मुलीला सर्वांत प्रखर म्हणून विकला होता. चाळीस मिनिटांत विझला. त्याने चारचौघांत म्हटले होते, "नववी नापास माणसाकडून पोहायचा चष्मासुद्धा घेऊ नये." मी नापास नव्हतो, सोडली होती. हा फरक त्याला कोणीतरी समजावून सांगावा. बाकी माझा त्याच्यावर राग नाही.

कलम ४. हे कलम मुलीसाठी आहे. यात वस्तू नाहीत.

दिवा घेताना तो किती प्रखर आहे हे शेवटी विचार. आधी विचार, किती वेळ जळतो. पाण्यात जेवढा वेळ राहणार असशील त्याच्या दीडपट. मग बघ, कळ जाड हातमोज्यात सापडते का आणि चुकून लागत किंवा विझत तर नाही ना. डोके पिळून लागणारा दिवा खोल पाण्यात नको. दाबाने तो स्वतःच पिळला जातो. झोत अरुंद हवा, काठीसारखा. रुंद झोत फोटोसाठी ठीक, पण त्याने बोलता येत नाही. खाली तुझा आवाज म्हणजे तुझा दिवा. जोडीदाराच्या समोर सावकाश गोल केला म्हणजे ठीक आहे. झोत भराभर आडवा हलवला म्हणजे मी संकटात आहे. या दोन खुणा रागात, घाईत, थकव्यात कधीही सैलपणे करायच्या नाहीत.

एक मुख्य दिवा, दोन राखीव. राखीव दिवे छातीवरच्या पट्ट्याला, एक डावीकडे, एक उजवीकडे. राखीव दिवा स्वस्तातला चालेल असे म्हणणाऱ्याबरोबर उतरू नकोस.

सिलिंडर. पाठीवरची जोडी घेशील तर दोन्ही व्हॉल्व्हपर्यंत तुझा स्वतःचा हात पोहोचला पाहिजे. खांदा वळत नसेल तर लाज न बाळगता दोन्ही बगलांत घे. पातळ सूट घालून स्टीलची जोडी नको. तरंगत ठेवणारे हवेचे जॅकेट फाटले तर ती तुला खाली नेईल. बगलेतले लहान सिलिंडर ॲल्युमिनियमचे, कारण ते रिकामे होत आले की हलके होतात. पट्टे आपल्या शेजारच्या शिडं शिवणाऱ्या शिंप्याकडूनच शिवून घे. त्याची शिवण माझ्या आधी सुटणार नाही.

हवेचे तीन भाग कर. एक जायला, एक यायला. तिसरा तुझा नाही, तो जोडीदाराचा. तुझ्या पाठीवर असला तरी तो त्याचा.

हे सगळे तू पाठ म्हणून दाखवतेस. मग मी हे का लिहितो ते पुढच्या कलमात.

कलम ५. तीन आठवड्यांपूर्वी मुलगी तिच्या सिलिंडरवर आकडे चिकटवत होती. पुढच्या हंगामात तिला साठ मीटरवर जायचे आहे. मी म्हणालो, प्रत्येक पट्टी दोनदा वाच. ती हसत म्हणाली, "वाचते हो बाबा. मी काही मामासारखं न बघता सिलिंडर उचलणार नाही."

मी "हं" म्हणालो.

त्या "हं" नंतर मला तीन आठवडे नीट झोप नाही. डॉक्टरांनी त्याचा दोष झडपेला लावला.

तिचा मामा, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, पूर्वी माझा पाण्यातला जोडीदार होता. बंदरावर त्याला बुडबुड्या म्हणतात, कारण सगळ्यांत आधी त्याची हवा संपायची. आमची बोट दोघांच्या मालकीची होती. अकरा वर्षांपूर्वी आम्ही बासष्ट मीटरवर बुडालेल्या एका मालवाहू जहाजाच्या पंख्याची पाहणी करायला उतरलो. पाठीवर जोडी, आणि प्रत्येकाच्या बगलेत दोन लहान सिलिंडर. एक, वर येताना एकवीस मीटरवर तोंडात घ्यायचा. दुसरा शुद्ध ऑक्सिजनचा, तो सहा मीटरवर घ्यायचा. सहा मीटरपर्यंत शुद्ध ऑक्सिजन औषध आहे. त्याच्या खूप खाली तो घेतला तर माणसाला झटके येतात.

म्हणून जगभर अशा सिलिंडरवर तो कुठल्या खोलीवर घ्यायचा ते हातभर आकड्यात लिहितात. मला ते आकडे बेंगरूळ वाटत. मी माझी पद्धत काढली. एकवीसच्या सिलिंडरला काळी पट्टी, सहाच्या सिलिंडरला लाल. आकडा नाही. कार्यशाळेत दहा पावलांवरून ओळखू यायचे. लोक म्हणायचे, काय देखणे काम आहे.

त्याच वर्षी मी नवे राखीव दिवे बनवले होते, तेव्हाच्या स्वस्त एलईडीचे. प्रकाश पांढरा, थोडी निळी झाक. शंभर मीटरचा दाब दिला, टिकले. नऊ तास जाळले, जळले. हातमोज्यात कळ सापडते का, पाहिले. अंधार करून भिंतीवर झोत टाकला, काठीसारखा सरळ. भिंत पांढरी होती. लाल पट्टीवर तो प्रकाश टाकून पाहावा हे माझ्या डोक्यात आले नाही.

वर येताना चाळीस मीटरच्या आसपास मेहुण्याचा मुख्य दिवा गेला. तो घाबरला नाही. राखीव दिवा लावला, मला गोल करून दाखवला. एकवीसवर आम्ही थांबलो. मी वर तरंगत्या फुग्याची दोरी सोडत होतो आणि रीळ अडकले होते. त्याने सिलिंडर निवडला आणि नियमाप्रमाणे माझ्यासमोर धरला. नियम असा की तोंडात घेण्याआधी सिलिंडर जोडीदाराला दाखवायचा, जोडीदाराने आपल्या दिव्याने पट्टी पाहायची आणि मगच गोल करायचा. माझा मुख्य दिवा चालू होता. त्यात लाल लाल दिसले असते. मी रिळावरून मान वर केली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून सिलिंडर धरलेला दिसला, आणि मी गोल केला.

पट्टी लाल होती.

चार मिनिटांनी त्याला झटके सुरू झाले. मी त्याच्या तोंडात पाठीवरच्या जोडीचे रेग्युलेटर धरून ठेवले आणि शरीरात साठलेला वायू निघून जायला घ्यायचे थांबे पुरे न करता दोघांना वर आणले. प्रेशर चेंबरमधून मी दोन दिवसांत बाहेर आलो. तो एकोणीस दिवसांनी आला, डावा पाय ओढत.

बोटीवर पहिला प्रश्न विचारला गेला, काय झाले? मी म्हणालो, "त्याने चुकीचा सिलिंडर तोंडात घेतला." त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी मोजून मापून बोलणारा माणूस आहे.

घरी परतल्यावर बाराव्या दिवशी मी कार्यशाळेतल्या हौदात समुद्राचे पाणी भरले, खिडकीला जाड कापड लावले, दोन्ही पट्ट्यांचे तुकडे तळाशी ठेवले आणि अर्धी उतरलेली बॅटरी घालून तोच राखीव दिवा लावला. दोन्ही पट्ट्या काळ्या दिसत होत्या. मी पाण्यात हात घालून कुठली कुठली आहे ते ओळखायचा प्रयत्न केला आणि चुकलो. त्या आठवड्यात मी सगळे राखीव दिवे परत मागवून आतले एलईडी बदलले आणि सगळ्या सिलिंडरवर हातभर आकडे लिहिले. बंदरावर माझे कौतुक झाले, की मेहुण्याच्या चुकीतून किती शिकला.

तो काठी टेकत घरी आला तेव्हा माझ्या बायकोने, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीने, त्याला दारातच थांबवले. म्हणाली, "बरा झालास, चांगलं झालं. तुझ्या धांदरटपणापायी माझा नवरा मरायचा होता. आता या घरात पाण्याच्या गोष्टी करायला येऊ नकोस." मी तिच्या मागे उभा होतो. मी चप्पल शोधत होतो. माझी चप्पल माझ्या पायात होती.

तेव्हापासून तो येतो तो दारापर्यंत. त्याची आई आमच्याकडे असते, तिच्या औषधाचे विचारतो, पिशवी देतो, जातो. भाचीशी फोनवर बोलतो. बोटीतला अर्धा हिस्सा त्याने माझ्या नावावर करून दिला आणि फेरीबोटीच्या इंजिनावर नोकरी धरली.

तरी मी पूर्ण शुद्धीत लिहून देतो की त्या दिवशी माझ्या मेहुण्याने एकही चूक केली नाही. त्याने दिवा वेळेवर बदलला, सिलिंडर वेळेवर दाखवला आणि माझी खूण मिळेपर्यंत थांबला. पट्टी माझी, दिवा माझा, खूण माझी. मुलीने हे वाचावे आणि सिलिंडर कसा दाखवावा हे मामाकडून शिकावे. बायकोने हे वाचावे आणि तिला जे वाटेल ते वाटू द्यावे.

कलम ६. बोट, तिचे इंजिन आणि नांगर संपूर्णपणे माझ्या मेहुण्याला.

येथपर्यंतचा मजकूर मी मंगळवारी लिहिला. खालचा मजकूर आज गुरुवारी लिहीत आहे, कारण तेवढ्यात काही गोष्टी घडल्या.

काल वकीलबाई मजकूर वाचून गेल्या. कलम पाच वाचताना त्यांनी चष्मा काढून पुसला आणि एवढेच विचारले की मेहुण्यांना हे माहीत आहे का. मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "काका, कायद्याने सांगायची गरज नाही." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी कायद्यापुरतंच बोलतेय हं."

म्हणून आज सकाळी मी त्याला कार्यशाळेत बोलावले. तो फेरीबोटीच्या कपड्यांतच आला, पालथ्या खोक्यावर बसला, पाय लांब केला. मी उभा राहून कलम पाच वाचले. 

वाचून झाल्यावर तो म्हणाला, पट्टीचं परत वाचा. मी परत वाचले.

"गोल केलात ते मला माहीत होतं, दाजी," तो म्हणाला. "समोरच होतो की मी."

मी विचारले, मग अकरा वर्षे बोलला का नाहीस?

"बोलून काय करणार होतो? तुम्ही हो म्हणालात तरी सिलिंडर मीच निवडला होता ना. तुमच्या दिव्यावर माणसं पाण्यात उतरतात. पोरगी शाळेत होती. म्हटलं, एकाचं नाव गेलं तेवढं पुरे." मग तो हौदाकडे बघत म्हणाला, "पण पट्टीचं मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मी बघूनसुद्धा लालला काळं कसं म्हटलं? डोळ्यांच्या डॉक्टरकडे तीनदा जाऊन आलो. डोळे चांगले आहेत म्हणतात. मग म्हटलं, डोक्यातच काहीतरी सुटलंय आपल्या. इंजिनाच्या वायरी जोडतानासुद्धा मी दुसऱ्याला विचारून घेतो, ही लाल ना? पोरं हसतात."

पाय समुद्राने घेतला असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आलो होतो. ही वायरींची गोष्ट समुद्रावर घालता येत नव्हती.

"दाखवा," तो म्हणाला.

मी खिडकीला कापड लावले. हौद भरलेला होता. त्या जातीचा एक जुना राखीव दिवा मी ठेवला होता, का ते मला सांगता आले नसते. पट्ट्यांची रिळेही होती. दोन तुकडे कापून तळाशी टाकले आणि दिवा त्याच्या हातात दिला. त्याने झोत टाकला. कितीतरी वेळ वाकून पाहत राहिला. दिवा जवळ नेला, लांब नेला. मग बाही वर न करता पाण्यात हात घालून एक तुकडा काढला आणि खिडकीचे कापड बाजूला करून पाहिला. तो लाल होता.

"दिसतच नाही की हो," तो म्हणाला आणि हसू लागला. हसता हसता ओल्या बाहीने डोळे पुसू लागला. "कुणालाच दिसलं नसतं. दाजी, कुणालाच नसतं दिसलं."

मी म्हणालो, कुणालाच नाही.

मग मी त्याला कलम सहा वाचून दाखवले आणि म्हणालो, बोट तुझी. त्याने विचारले, "हे ताईला कधी कळणार?" मी म्हणालो, कागद उघडेल तेव्हा.

"म्हणजे तुम्ही गेल्यावर," तो म्हणाला. "आणि तुम्ही त्या सत्त्याण्णवांत निघालात तर? अजून पंचवीस वर्षं मी दारात पिशवी घेऊन उभा? चांगलं आहे. तुमच्या मरणाची वाट बघायला लावताय मला."

मी छत्तीस वर्षे खोल पाण्याचा हिशेब मांडत आलो आणि हा एवढा साधा हिशेब माझ्याकडून सुटला होता. मी कबुली अशा खोलीवर ठेवली होती की तिथून मला काही ऐकू येणार नव्हते.

बाराच्या सुमारास वकीलबाई साक्षीदारांसाठी आल्या. एक साक्षीदार शेजारचा शिंपी ठरला होता, दुसरा कोणी सापडायचा होता. मेहुणा म्हणाला, मी करतो सही. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, सही केलीत तर बोट सोडावी लागेल. तो म्हणाला, "मग बोट सोडली. सही मात्र ताईच्या समोर करणार. तिला बोलवा."

सबब, कलम ६ मी आडवी रेघ मारून रद्द केले आहे व बाजूला सही केली आहे. बोट कलम १ मधील मालमत्तेत धरावी, म्हणजे माझ्या बायकोला. तिचे ती काय करायचे ते करेल.

बायको आणि मुलगी दुपारी अडीचला आल्या. बायकोने भावाला खोक्यावर बसलेले पाहिले आणि दारातच थबकली. मी कागद तिच्या हातात दिला. ती टाइपिंग केलेली बाई आहे, भराभर वाचते. कलम चारपर्यंत भराभर वाचले. पुढे तिचे बोट ओळीखालून सरकू लागले. मुलगी तिच्या खांद्यावरून वाचत होती. वाचून झाल्यावर मुलीने आपले दोन्ही सिलिंडर कोपऱ्यातून उचलून आणले आणि मामाच्या पुढ्यात ठेवले. मामाने आकडे पाहिले, एका पट्टीचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबला आणि मान हलवली.

बायको भावाच्या शेजारी खोक्यावर बसली. जागा एकाचीच होती. म्हणाली, "बोलला का नाहीस रे, मूर्खा?"

"तू विचारलंस कुठे," तो म्हणाला.

तिने त्याची ओली बाही पिळली, मग दुसरीही पिळली, ती कोरडी होती तरी. मग त्याला म्हणाली, रात्री जेवायला यायचं आहे, आणि उद्याही. तो म्हणाला, उद्या ड्यूटी आहे. ती म्हणाली, ड्यूटीवरून यायचं.

माझ्याकडे तिने बराच वेळ पाहिले नाही. शिंपी अवघडून खिडकीशी उभा होता, वकीलबाई पेनाचे टोपण काढत-लावत होत्या. शेवटी ती म्हणाली, "तुमच्याशी मी आत्ता काही बोलणार नाही. ती झडप नीट बसू दे. डॉक्टरांनी दोन महिने म्हटलंय ना, दोन महिने थांबेन. मग भांडणार आहे, सावकाश, पहिल्यापासून. तेवढ्यासाठी परत यायचं."

मी येतो म्हणालो. वकीलबाईंना विचारले, हे लेखी देता येईल का. त्या म्हणाल्या, वचन देता येत नाही, इच्छा लिहिता येते.

कलम ७. माझी इच्छा अशी की ते भांडण व्हावे, पुरते व्हावे, आणि मी मध्ये एकही दुरुस्ती न सुचवता ते शेवटपर्यंत ऐकावे.

हा मजकूर मी वाचून पाहिला. पाच ठिकाणी खाडाखोड आहे, पाचही ठिकाणी सही आहे. खाली नमूद साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण: बंदरामागची दिव्यांची कार्यशाळा
तारीख: १७ ऑक्टोबर २०१९, दुपारी तीन वाजून वीस मिनिटे

लिहून देणार: (सही) दिवेवाला

साक्षीदार १: (सही) शिडं शिवणारा शिंपी, शेजारचा गाळा

साक्षीदार २: (सही) फेरीबोटीचा इंजिनवाला, लिहून देणाराचा मेहुणा व पाण्यातला जोडीदार. मजकूर दोनदा वाचून, पट्टी स्वतः पाहून सही केली.